काका, नाव बदललंय

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: "डिसेंबरात पंधरा दिवस औरंगाबादला येतोय. कुणाला काही हवंय का?" दोन मिनिटांत पुतण्याचं उत्तर: "काका, छत्रपती संभाजीनगर. २०२३ पासून." त्यावर आतेभाऊ: "आमच्या तोंडात जे बसलंय तेच येणार." मग जी जुंपली ती तिकडच्या रात्री दीडपर्यंत. दोघं ग्रुप सोडून गेले. चहा आणू की चॉकलेटं, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलंच नाही.

मी अठरा वर्षं ज्या शहरात राहतोय, त्याचं नाव एका शतकात तीनदा बदललं. १७०३ मध्ये वसलं ते रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. १९१४ ला जर्मनीशी युद्ध पेटलं आणि नाव फारच जर्मन वाटायला लागलं, म्हणून पेत्रोग्राद. १९२४ ला लेनिन गेला, लेनिनग्राद. १९९१ ला परत पीटर्सबर्ग. पण शहराभोवतालचा प्रांत आजही लेनिनग्रादच आहे. मॉस्कोहून इकडची गाडी पकडायची तर लेनिनग्राद स्थानकावरच जावं लागतं. विमानाच्या तिकिटावर लेनिनग्रादचं एलईडी छापलेलं असतं, मुंबईच्या तिकिटावर अजून बीओएम असतं तसंच. कुणाचं काही अडत नाही. लोक 'पीतेर' म्हणतात आणि शुक्रवारी संध्याकाळी एलेक्त्रिच्का, म्हणजे लोकल, पकडून दाचाला, गावाबाहेरच्या सुट्टीच्या घरी, जातात.

व्होल्गोग्रादची तऱ्हा तर आणखी न्यारी. आधी त्सारित्सिन, १९२५ पासून स्टालिनग्राद, १९६१ पासून व्होल्गोग्राद. २०१३ मध्ये तिथल्या नगरसभेने ठरवलं, की वर्षातल्या ठरावीक स्मृतिदिनी शहराला स्टालिनग्राद म्हणायचं. बाकीचे दिवस व्होल्गोग्राद! ही तोड मी ग्रुपवर सुचवून पाहिली. पुतण्याने अंगठा उलटा केला, आतेभावानेही. त्या रात्री त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"बघा, मोठ्या देशात लोक कसे समजुतीनं घेतात," असं लिहून मी फोन ठेवला आणि गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हे ऐकवलं, तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी खो खो हसला. म्हणाला, १९९१ च्या १२ जूनला इथे मतदान झालं होतं. जुन्या नावाच्या बाजूनं जेमतेम ५५ टक्के. त्याच्या घरी आई-बाबा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे ग्रुप सोडायची सोय तेव्हा नव्हती, इतकाच काय तो फरक.

आणि खालच्या मजल्यावरच्या आजी? त्यांना मी सोयीस्करपणे विसरलो होतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा शहराला वेढा पडला तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. ८७२ दिवस चालला तो वेढा, आणि १९४१ च्या हिवाळ्यात लहान मुलाच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव, तोही भुसा-बिसा घातलेला. दर २७ जानेवारीला, वेढा उठल्याच्या दिवशी, त्या कोटाला बिल्ला लावून निघतात, त्यावर लेनिनग्राद लिहिलंय. एकदा मी बोलण्याच्या ओघात "तेव्हाचं पीटर्सबर्ग" म्हणालो. त्या म्हणाल्या, "पीटर्सबर्गात मी पेन्शन घेते. आई गेली ती लेनिनग्रादमध्ये." पुढे काय बोलणार?

हे ग्रुपवर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लांब राहून शहाणपण शिकवण्यात एक सुख असतं, ते सुटत नाही. एरवी मी तरी कुठला समजूतदार? मॉस्कोचा कुणी जिन्याच्या दाराला 'पद्येज्द' म्हणाला की मी लगेच 'परादनाया' म्हणून दुरुस्त करतो. फुटपाथच्या कडेला 'बोर्द्यूर' नाही, 'पोरेब्रिक'. खायच्या शोरमाला 'शाउर्मा' नाही, 'शावेर्मा'. इथे जन्मलेले हे सगळं हसत हसत म्हणतात, मी मात्र पुतण्याच्या सुरात म्हणतो.

माझं औरंगाबादही काही तत्त्वाचं नाही. मी निघालो त्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावर जी पाटी होती, ती डोक्यात तशीच राहिली.

परवा टॅक्सीत ड्रायव्हरनं विचारलं, कुठला? म्हटलं, पीतेरचा. त्यानं आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "ते ठीक आहे, पण मूळचा कुठला?"

"मुंबईजवळचा," मी म्हणालो.

मुंबई आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अठरा वर्षं मी हेच सांगत आलोय, ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही.