पहिलीच गाडी 390 घ्या म्हणे!

माझा भाचा जूनमध्ये अठराचा झाला. कच्चं लायसन्स काढलं, महिनाभर थांबून पक्कं पण हातात आलं आणि त्याच रात्री साहेबांनी मला एक मेसेज फॉरवर्ड केला, खाली लिहिलेलं, "मावशी, तूच आईला समजाव." तुमच्याकडे पण येऊन गेला असेल, सगळ्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: पहिली गाडी घेताना शंभर-सव्वाशे सीसीच्या नादी लागू नका, सहा महिन्यात कंटाळा येतो आणि विकताना तोटा होतो. सरळ केटीएमची 390 ड्यूक नाहीतर एखादी 400 सीसीची घ्या. स्पीड काय, आपल्याच हातात असतो. जड गाडी रोड पकडून चालते, हलकी उडते. ब्रेकला एबीएस असतो त्यामुळे घसरायचा प्रश्नच नाही. फॉरेनला पोरं पहिलीच गाडी 400 घेतात. आणि हप्त्यातला फरक म्हणाल तर महिन्याला दोन पिझ्झे.

मी चौदा वर्षं गाडी चालवतेय, उंची पाच फूट एक इंच, शिकले पप्पांच्या स्प्लेंडरवर. मेकॅनिक नाही, रेसर तर नाहीच नाही. पण ज्याने कोणी हे लिहिलंय त्याने आयुष्यात एकाही नवशिक्याला मागे बसून गाडी शिकवलेली नाहीये, हे मी छातीठोक सांगते.

"स्पीड आपल्या हातात असतो" पासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. अरे पण नवीन माणसाचा हातच त्याच्या हातात नसतो ना! खड्डा आला की अंग मागे फेकलं जातं, हात हँडलला लटकतात, मूठ आपोआप पिळली जाते, गाडी उसळी मारते, त्याने अंग अजून मागे जातं आणि मूठ अजून पिळली जाते, आणि हे सगळं "अगं आई गं" म्हणेपर्यंत होऊन गेलेलं असतं. मी स्वतः केलंय हे. स्प्लेंडरवर असं झालं की ते 8 पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखं) बिचारं इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी दोन हात पुढे जाते, टपरीवरचे लोक हसतात, संपला विषय. 2023 ला जी 390 ड्यूक आली तिचं इंजिन 399 सीसीचं, ताकद 46 पीएस, वजन 168 किलो. स्प्लेंडर 112 किलो. म्हणजे वजन दीडपट आणि ताकद जवळजवळ सहापट. चूक तीच, खड्डा तोच, फक्त यावेळी तुम्ही पुढच्या एसटीच्या मागच्या काचेवरची पाटी वाचताय, तीही फार जवळून.

आणि स्पीडचा हिशोब डोक्यात येतो तसा सरळ नसतो. 60 वरून 85 वर गेलात तर मनाला वाटतं पंचवीसच तर वाढला, पण गाडीत साठलेला जोर दुप्पट झालेला असतो, आणि थांबताना ब्रेकला तो सगळा जिरवायचा असतो. 60 ला एका सेकंदात गाडी साधारण 17 मीटर जाते. नवशिक्याला कुत्रं दिसून ब्रेककडे बोट जायलाच एक सेकंद लागतो, जास्तच लागतो, कारण त्याचं अर्धं डोकं अजून गिअर कुठला पडलाय यातच असतं. सव्वाशेची गाडी 85 ला पोचायला वेळ घेते, आवाज करते, थरथरते, म्हणजे सांगते तरी की बाई आता पुरे. मोठी गाडी 85 ला एवढी शांत चालते की काटा बघितल्याशिवाय कळत पण नाही.

आता जड गाडीचा मुद्दा. यात थोडं खरं आहे, नाही म्हणणार नाही. हायवेला ट्रक शेजारून सणसणत गेला की हलकी गाडी हलते, जड कमी हलते. पण त्या स्पीडला कुठलीही धड टायरांची गाडी बऱ्यापैकी सरळच चालते. गाडी पडते ती ताशी पाचला. ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर, पार्किंगमधून मागे ढकलताना, चढावर यू टर्न घेताना. आणि तिथे वजन तुमच्या बाजूने नसतं.

माझंच सांगते. चौथं की पाचवं वर्ष असेल, म्हणजे मी काही नवीन नव्हते. मित्राची साडेतीनशे घेऊन वाईवरून पसरणीचा घाट चढत होते. वळणावर वरून बस आली, मी थांबले, डावा पाय टेकवायला गेले तर त्या बाजूला रस्ता खाली उतरता, जमीन बोटभर लांब. बोटभरच! पण 195 किलो एकदा त्या बाजूला कललं की मग ते आपलं ऐकत नाही. स्पीड शून्य. गाडी अगदी सावकाश, म्हैस बसते तशी बसली आणि मी तिच्याबरोबर. बसमधले दोघं उतरून आले तेव्हा उचलली गेली. क्लचचा लिव्हर तुटला, घोटा सुजला, आणि मित्र काही बोलला नाही ते जास्त लागलं. तीच जर स्प्लेंडर असती तर गुडघ्याने सावरली असती, पन्नास वेळा सावरलीय तशी.

त्यामुळे मेसेजमध्ये ज्याचं नावच नाही त्या सीटच्या उंचीबद्दल आधी बोला. स्प्लेंडरची सीट 785 मिलीमीटर, रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ची 805, यामाहा आर15 ची 815. कागदावर दोन-तीन सेंटीमीटरचा खेळ वाटतो, पण त्यातच पाऊल पूर्ण टेकतं की नुसता चवडा हे ठरतं, शिवाय सीट रुंद असेल तर पाय फाकून अजून कमी पोचतात. शोरूममध्ये गाडी मेन स्टँडवर असताना बसून फोटो काढू नका, स्टँडवरून खाली घ्या, दोन्ही पाय टेकवा, मग उतरून हाताने ढकलत एक गोल फिरवा. घाम फुटला तर उत्तर मिळालं.

आणि हे "350-400" एकच काहीतरी असल्यासारखं बोलतात ते तर अजिबातच पटत नाही. रॉयल एनफिल्डच्याच हंटर 350 ची ताकद साधारण 20 पीएस, वजन 181 किलो. तिच्यात पळण्याची भीती नाही, वजनाची आहे. 390 मध्ये बरोब्बर उलटं, वजन त्या मानाने कमी पण हात लावला की सुटते. सीसी नुसता आकडा आहे हो, त्यावरून गाडीचा स्वभाव कळत नाही.

एबीएस. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला, कारण हे ऐकून पोरं पावसात जोरात जातात. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा होऊन काही वर्षं झाली, 1 एप्रिल 2019 पासून सगळ्यांनाच, त्यामुळे तो काही 390 चा खास दागिना नाही, दीडशेच्या गाडीला पण असतो. बऱ्याच गाड्यांना तो सिंगल चॅनेल असतो, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक खुशाल लॉक होतं. आणि दोन्ही चाकांना असला तरी तो काय करतो? ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. एवढंच. वळणावर वाळूवरून टायर आडवा सरकला तर तो त्याला धरून ठेवत नाही.

भाचा कऱ्हाडच्या बाजूला राहतो, घरापासून कॉलेज 12 किलोमीटर. तो रस्ता मला पाठ आहे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या, मागे लाईट नाही की रिफ्लेक्टर नाही, रात्री एकदम समोर काळी भिंत उभी राहते. रस्त्यावर पडलेला ऊस चाकांखाली चिरडून त्याचा लगदा झालेला. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर डांबरीवर चढतो तिथे शंभर फूट चिखलाचा पट्टा. पहिल्या पावसात तर डांबरावरचं ऑइल वर येतं, तेव्हा चालत जाणारा माणूस पण घसरतो. या रस्त्यावर लागतं ते एवढंच, की लांबूनच ओळखायचं आणि आधीच रेस सोडायची, आणि ते कुठल्याच बटणात मिळत नाही.

पुढचा ब्रेक वापरायलाच निम्मे लोक घाबरतात हा अजून वेगळा विषय. "पुढचा दाबला की तोंडावर पडशील" हे आपल्याला सायकलपासून शिकवलेलं. खरं तर थांबवण्याचं मोठं काम पुढचाच करतो, कारण ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. कचकन दाबायचा नाही, लिंबू पिळतो तसा वाढवत न्यायचा, हँडल सरळ असताना. हे हलक्या गाडीवर मोकळ्या मैदानात शंभर वेळा करून अंगात भिनवायचं असतं.

फॉरेनचं ऐकून तर हसूच आलं. युरोपात लायसन्सच पायऱ्यांचं असतं. ए1 म्हणजे 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंत. ए2 म्हणजे 35 किलोवॅटपर्यंत, आणि त्यासाठी वयाची अट आणि वेगळी परीक्षा. त्याच्या वरच्या गाड्यांना ए, सरळ काढायचं तर साधारण 24 वय, नाहीतर दोन वर्षं ए2 वर काढून मग. 390 (46 पीएस म्हणजे साधारण 34 किलोवॅट) तिथे ए2 मध्ये बसते, म्हणजे मधल्या पायरीची गाडी झाली ना ती. इंग्लंडमधल्या परीक्षेत तर ताशी 50 किलोमीटरला अचानक ब्रेक मारून आणि अडथळा चुकवून दाखवायला लागतो. आपल्याकडे आरटीओत मी स्कूलच्या गाडीवर आठ काढून दाखवला, पाय टेकला नाही, पास. त्याच लायसन्सवर मी उद्या हजार सीसीची गाडी चालवू शकते, कोणी अडवणार नाही. तिकडे सरकार जी पायरी चढायला लावतं ती इकडे आपली आपणच चढायला लागते, एवढाच फरक.

हप्त्याचं पटकन. दोन पिझ्झ्यांचा हिशोब फक्त हप्त्याचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी 18 टक्के आणि वरच्यावर 40, तिथेच सुरुवात होते. नवीन गाडीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरायचा असतो, 2022 च्या दराने 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये आणि 350 च्या वर 15,117. मग टायर. 390 चा मागचा टायर 150 चा रेडियल, तो बदलताना रडू येतं. आणि पहिल्या वर्षी गाडी पडणार आहेच, स्टँडवरून का होईना, तेव्हा स्प्लेंडरचा लिव्हर आणि इंडिकेटर गावातल्या कुठल्याही गॅरेजला टांगलेला असतो.

राहिला कंटाळा. येतो, मला पण आला होता. पण विकून तोटा होतो हे नव्या गाडीबद्दल खरं, म्हणून तर म्हणते जुनी घ्या. तीन-चार वर्षं वापरलेली शाईन, युनिकॉर्न, पल्सर, ज्याने घेतली त्याने पहिला मोठा फटका आधीच खाल्लाय. वर्षभर चालवून विकली तर फार काही जात नाही. फक्त आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवायचा) आणि बँकेचं एनओसी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, फॉर्म 29 आणि 30 (गाडी नावावर करायचे) वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा, आणि चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) वाकलेला नाही ना हे कोणातरी जाणत्याला दाखवा.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्याचं थोडं ऐकेन. ज्याला रोज हायवेनेच जायचंय, त्याने शंभर सीसी घेऊ नये. खंबाटकीचा चढ स्प्लेंडरवर डबलसीट चढलेय मी, मागे कंटेनर हॉर्न मारतोय आणि आपल्या गाडीत द्यायला काही शिल्लकच नाही, ती भीती पण खरीच. अशांनी दीडशे-एकशेसाठ बघा, साधारण 13 ते 17 पीएस, 140-150 किलो. ओव्हरटेकला पुरते आणि पडली तर एकटीने उचलता येते.

भाच्याला हे सगळं टाईप करून पाठवलं. दोन तास निळी टिक, उत्तर नाही. मग आलं, "ओके पण पाच हजार किलोमीटर झाल्यावर परत बोलू." म्हटलं चालेल. रविवारी पप्पांची जुनी स्प्लेंडर घेऊन मैदानावर ये, पुढचा ब्रेक शिकवते, आणि येताना ते टोपीसारखं हेल्मेट आणू नकोस, पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआयवालं आण. अंगठा दाखवलाय. 390 चा विषय अजून ताईच्या कानावर गेलेला नाही आणि माझ्याकडून तरी जाणार नाहीये.