वाघ पाहाले नागपूरले

आमच्या घरात लग्न जमवणं सोपं. दोन्हीकडची चार माणसं बसतात, पोहे खातात, घटकाभरात सुपारी फुटते. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिउद्यानात जायचं मात्र दिवाळीत निघालं आणि संक्रांतीचं वाण वाटून झालं तरी घरातच घोळत होतं.

प्रकरण शाळेतून आलं. गुड्डीच्या वर्गातली एक पोरगी मामाकडे नागपूरला गेली, जाळीच्या गाडीत बसून वाघ पाहून आली आणि वर्गात तिचा भाव वधारला. गुड्डीने दप्तर टाकल्या टाकल्या जाहीर केलं, "मले वाघ पाहाचा हाये."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वावरातली जागल, म्हणजे पिकाची राखण, करून येऊन नुकते बाजेवर टेकले होते. ते उठूनच बसले. "वाघ पाहाले नागपूरले? अवो, तो आपल्या नाल्यावर येते न पाणी प्याले!"

तेही खरंच. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 साली झालं, आमचं शिवार त्याच्या काठावर. वाघ येतो, पण त्याच्या वेळेनं येतो, आणि तो आला की पाहायला कोणी थांबत नाही. गुड्डी म्हणाली, "आबाजी, तो दिसत नाई न. नुसता तुमचा आवाज येते, पळा पळा." यावर मामाजींकडे उत्तर नव्हतं. म्हणून जायचं ठरलं.

ठरलं म्हणजे दिवस ठरवायचं ठरलं. सोमवारी गोरेवाडा बंद. रविवारी अख्खं नागपूर तिथं. बाजाराच्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाव सोडत नाहीत. एकादशीला आजीचा उपास, आणि उपाशी पोटी वाघासमोर जायचं नाही असं तिचं म्हणणं. उरलेले दिवस लाइनवर. एक आठवडा थ्री-फेज दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची असली की हरभऱ्याला पाणी सोडायचं, रात्रीची असली की रात्रभर पाणी सोडून दिवसा झोपायचं. माणसाला नागपूरला जायला मोकळं सोडणारी लाइन अजून निघायची आहे.

शिवाय जागलीला कोण? माकडं दिवसा येतात, डुकरं रात्री, आणि रोही, म्हणजे नीलगाई, दोन्ही पाळ्यांत. मामाजींनी त्यावर आधीच एक उपाय केलेला होता. बाजारात बॅटरीवरचा छोटा भोंगा मिळतो, त्यात आपला आवाज भरायचा आणि तो मचाणीला टांगायचा. त्यात मामाजींचं "हाऽऽड! होऽ होऽ होऽ!" भरलेलं आहे. सुरुवातीला पवनभाऊजींनी चुकून त्यात मामाजींचा फोनवरचा भांडणाचा आवाज भरला होता. रोही त्यालाच जास्त भ्यायची, पण शेजारच्या वावरवाल्यांनी तक्रार केली.

मग गाडी. आमच्या यांचं म्हणणं बोलेरो भाड्यानं घेऊ. आत्याबाई म्हणाल्या, एसटीत बायांचं अर्ध तिकीट 2023 पासून, ते काय बोलेरोत बसून वाया घालवायचं? पंचाहत्तरीच्या वरच्यांना तर 2022 पासून फुकट, म्हणजे आजीचं काहीच लागणार नाही. आजीचं आधार कार्ड काढलं. जन्मतारीख 1 जानेवारी 1952. पंचाहत्तरीला अजून अवकाश होता. मामाजींचं काढलं तर 1 जानेवारी 1963. सरकारी हिशेबानं आजीला अकराव्या वर्षी मामाजी झाले. आजी म्हणाली, "असन बाप्पा, आता आठवत नाई." तिचा स्वतःचा आग्रह छोट्या गाडीनं जायचा होता. नागपूर-नागभीडची नॅरो गेज रुळ रुंद करायला 2019 सालीच बंद झाली, हे तिला घरातल्या प्रत्येकानं सांगून झालंय. ती म्हणते, आपण ठेसनावर जाऊन तं पाहू.

आणि आजीला यायचंच होतं. गेल्या साली गोठ्यात बिबट शिरला, तिची बकरी घेऊन गेला, पुढं वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र आहे, असे बिबटे-वाघ तिथं नेतात. ते केंद्र लोकांना पाहायला खुलं नसतं, सफारी वेगळी, हे पवनभाऊजींनी नीट समजावून सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं त्याले रोज मटन देत असतीन न?"

आजीची दुसरी चौकशी जय नावाच्या वाघाची. नागझिऱ्याहून चालत आमच्या कऱ्हांडल्यात आलेला जय 2016 साली कुठं गडप झाला ते अजून कोणाला कळलं नाही. नागपूरला गेलेला माणूस परत येत नाही, तसा तोही तिकडंच लागला असेल, असा तिचा कयास.

आता साड्या. आत्याबाईंची आहेरातली मोरपंखी साडी पेटीत सापडेना. पेटी, कपाट, गादीखाली, सगळं पालथं घातलं. सापडली गुड्डीला, वावराच्या धुऱ्यावर. रानडुकरांना अडवायला आमच्याकडे जुन्या साड्या बांधतात. बांबूच्या खुंट्या ठोकायच्या आणि एकीला एक गाठ मारत अख्ख्या वावराला गुंडाळायच्या. लांबून पाहिलं तर बायकांचा मोर्चा तहसीलवर निघालाय असं वाटतं. डुकरं पहिले काही दिवस बिचकतात, मग त्यांची साड्यांशी ओळख होते. मोरपंखी साडी तुरीच्या टोकाला होती. काठ काट्यात अडकून लोंबत होता, पदरावर वाळलेला चिखल, आणि बरोब्बर मधोमध, कशिद्याच्या मोराच्या जागी, डुकराच्या अंगाचं भगदाड. त्यातून पलीकडचा खाल्लेला हरभरा स्वच्छ दिसत होता.

आत्याबाई बराच वेळ त्या भगदाडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोनं बांधली?" आमच्या यांना त्याच क्षणी मोटार पाहायला जायचं आठवलं.

त्यामुळं बर्डीवर, नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, साडी घेणं कार्यक्रमात आलं. ते आल्यावर मग बाकीच्यांनीही तोंड उघडलं. जाऊनच राहिलो तं टेकडी गणपती. जाऊनच राहिलो तं कोराडीची देवी. आजीला ताजबागची चादर बोललेली होती. यांना फवारणी पंपाचा वॉशर पाहिजे होता, शेजारच्या काकूंनी मिक्सरचं भांडं आणून ठेवलं आणि गावातल्या एका भाऊजींनी एक्स-रेची पिशवी, "फक्त डॉक्टरले दाखवजा, मी नाई आलो तरी चालते." वाघ यादीत खाली खाली सरकत वॉशरच्याही मागे गेला. गुड्डीनं यादी वाचली आणि पेन घेऊन सगळ्यात वर लिहिलं, 'वाघ'. खाली दोन रेघा मारल्या.

यादीत न लिहिलेली एक गोष्ट होती, माझा दादा. तो मानेवाड्याला राहतो. नागपूरला जाऊन त्याच्या घरी न जाणं म्हणजे पुढच्या राखीपर्यंत अबोला, आणि जाणं म्हणजे वहिनीचा स्वयंपाक होईस्तोवर शेवटची गाडी गेलेली. मी सगळ्यांना बजावलं, कोणी फोन करायचा नाही, कोणी स्टेटस टाकायचं नाही.

तिकिटं मोबाइलवर. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते. पवनभाऊजी तिथं उभे आणि अख्खं घर भोवती. ओटीपी आला की कोणीतरी मोठ्यानं वाचायचं, तोवर वेळ संपायची. एसी गाडी की साधी, हा प्रश्न मतदानाला टाकला. आजी म्हणाली, "जंगलात एसी? काचाआड बसून पाहाचं तं टीव्ही काय वाईट?" साधी गाडी निवडून आली. मोबाइलवर गोरेवाड्याची माहितीही दिसत होती. तलाव 1912 सालचा, नागपूरच्या पाण्यासाठी. प्राणिउद्यानाचं उद्घाटन 26 जानेवारी 2021. सगळं मिळून 1914 हेक्टर. मामाजींनी तिथंच एकरात काढलं आणि डोक्याला हात लावला. "पावनेपाच हजार एकर! अन् एक दाना पेरला नाई."

गेलो शेवटी, मधल्या एका बुधवारी. जागलीला भोंगा ठेवला. पुऱ्या, आलूची सुकी भाजी, दशम्या, ठेचा आणि आजीसाठी वेगळं मऊ काहीतरी, असा डबा पहाटे चारला उठून केला, त्यातल्या अर्ध्या पुऱ्या उमरेड यायच्या आधीच संपल्या. टेकडी गणपती झाला, साडी झाली, बाकी सगळ्यांना आम्ही हात जोडले.

वाघ दिसला. लवणात पडून होता, एकदा मान उचलून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवली. गुड्डीचा श्वास अडकला. बिबट दिसताच आजी जाळीला नाक लावून म्हणाली, "हाच." अस्वलाकडे कोणी फार लक्ष दिलं नाही, बिचारं खड्डा उकरत होतं.

मग गाडी गवत खाणाऱ्यांच्या भागात शिरली. रस्त्यालगतच एक रोही उभा, निळसर करडा नर, चांगला पोसलेला, चघळत. सगळ्यांनी मोबाइल वर केले. मामाजी ताडकन उठले, जाळीवर थापा मारल्या आणि पोटातून ओरडले, "हाऽऽड! होऽ होऽ होऽ!"

रोही हलला नाही. गाडीतली माणसं मात्र खाली वाकली.

"काका, बसा खाली," गाइड म्हणाला, "प्राण्यांवर ओरडायचं नसतं."

"प्रानी?" मामाजी अजून उभेच. "रोही हाये तो!"

पुढच्या सीटवरच्या एक मॅडम मागं वळून म्हणाल्या, "पण किती देखणा आहे ना?"

"चना खाऊन दिसनच देखना," मामाजी म्हणाले आणि बसले. पण रोही दिसेनासा होईपर्यंत त्यांची मान तिकडंच होती. तो कुठं घुसतो ते पाहत होते.

हा सगळा प्रकार पवनभाऊजींनी शूट केला आणि सवयीनं स्टेटसला टाकला. आम्ही गेटच्या बाहेर पडायच्या आत दादाचा फोन. पुढचं काय सांगायचं. मानेवाडा, चहा, मग पोहे, मग "आता जेवूनच जा", मग शेवटची गाडी गेली.

रात्री गाद्या घालताना दादा म्हणाला, "तुम्ही कशाला तिकीट काढून इथं आलात? आम्हीच तुमच्याकडे यायचं म्हणतोय. मचाण, रात्रीचं जंगल, प्राणी. पोरांना मजा येईल."

दिवसभरात मामाजी पहिल्यांदा हसले. "या न. पुढच्या आठवड्यात रात्रीची लाइन हाये. मचान रिकामीच हाये. येताना एक मोठी टार्च आना, अन् घरात असतीन तं जुन्या साड्या."

"साड्या कशाला?" वहिनीनं विचारलं.

आत्याबाईंनी बर्डीची पिशवी उशाखाली सरकवली आणि तीवर डोकं ठेवलं.