ब्रेकचा लाल दिवा ऑइल ओतून विझवू नका

‘ब्रेकचा लाल दिवा लागला? शोरूमला हजारो रुपये देऊ नका, घरीच घालवा’ असा एक मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतोय. त्यात पाच उपाय आहेत: ब्रेक ऑइल ओता, बॅटरीची वायर काढा, पॅड झिजल्याचं सांगणाऱ्या सेन्सरची वायर जोडून टाका, पॅड पॉलिश पेपरने घासून परत बसवा आणि डिस्क कधीच बदलू नका. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे ठोकळे.) कासारवडवलीला राहणाऱ्या माझ्या काकांनी, वय वर्षं ६९, यातला पहिला उपाय करून पाहिला. म्हणून हे लिहायला बसलोय.

तोच पहिला उपाय सगळ्यात घातक आहे. मेसेज म्हणतो, ‘लाल दिवा म्हणजे फक्त ऑइल कमी झालंय, भरा की दिवा गेला. ब्रेकचं नसेल तर पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही चालतं.’

भरलं की दिवा जातो, हे खरं. पण ऑइल कमी झालं कशाने? ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, ते बंद नळ्यांत असतं. पॅड झिजला की पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल खाली उतरतं. डबीत ऑइलवर तरंगणारा फ्लोट असतो, तो खाली गेला की दिवा लागतो. म्हणजे एक तर पॅड संपत आलेत, नाही तर कुठेतरी गळती आहे. वरून ऑइल ओतलं की पॅड जाड होत नाहीत आणि गळती थांबत नाही. फक्त तुम्हाला सांगणारं कुणी उरत नाही.

आणि स्टिअरिंगचं ऑइल? ब्रेकच्या आतले रबरी सील पेट्रोलियमच्या ऑइलने फुगतात. मग कुठे पिस्टन अडकतो, कुठे ब्रेक धरून राहतो, आणि शेवटी पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं उघडावं लागतं. माझं ऐकू नका, बॉनेट उघडून डबीचं झाकण वाचा. बऱ्याच गाड्यांत तिथेच छापलेलं असतं: आधी झाकण पुसा, फक्त सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ (या ब्रेक ऑइलच्या प्रती) वापरा. सीलबंदच का, तर हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे; पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी बाटली माळ्यावर ठेवून दिली असेल, तर ती टाकून द्या.

काकांनी निदान डॉट ४ ची नवी बाटली आणली होती. दिवा गेला, काका खूश. तीन आठवड्यांनी मीरा रोडला ताईकडे जाताना गायमुखचा घाट उतरत होतो, पुढे कंटेनर, आणि ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज. मी म्हटलं, “काका, जागा मिळाली की गाडी बाजूला घ्या.” ते म्हणाले, “अरे, दिवा कुठे लागलाय?”

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाक काढलं. बाहेरचा पॅड तीनेक मिलिमीटर उरला होता. नव्याची जाडी दहा-बारा असते. आतला पार संपलेला, त्याच्या मागचा नुसता पत्रा डिस्कवर घासत होता. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना सुकल्या की असं एका बाजूने खातं. डिस्कवर नख अडकेल एवढे चर पडले होते.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. बॅटरीची वायर काढल्याने घड्याळ आणि रेडिओ जातो. फ्लोट जिथे आहे तिथेच राहतो. पॅडचा सेन्सर मुळात सगळ्या गाड्यांत नसतो, अनेक गाड्यांत पॅडवरची पत्र्याची पट्टी किंचाळून सांगते. जिथे असतो तिथे पॅड झिजला की तोही खर्ची पडतो, म्हणून पॅडबरोबर तोही नवा टाकायचा. वायर जोडून ठेवलीत तर पुढच्या वेळी कळणारच नाही. पॅड घासून वरची चकाकी जाते, पण जाडी आणखी कमी होते.

डिस्कबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. न मोजताच ‘डिस्क गेली’ सांगणारे मलाही भेटलेत. पण त्यावर उपाय मोजमापाचा आहे. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते; समोर जाडी मोजायचं व्हर्नियर लावायला सांगा. आणि हो, हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिला तरी लाल दिवा लागतो, ते आधी बघा.

काकांच्या पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क बदलल्या. एकाच बाजूचं बदललं तर ब्रेक मारताना गाडी ओढते. नवे पॅड बसवायला पिस्टन मागे दाबावा लागतो, की नळीतलं ऑइल परत डबीत चढतं. काकांनी ओतलेलं जादा ऑइल त्यामुळे काठोकाठ येऊन सांडलं असतं, आणि हे ऑइल गाडीचा रंग खातं. मेकॅनिकने ते आधी सिरिंजने काढून घेतलं, काम झाल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं आणि मगच गाडी हलवली. दिवा लागला नाही. डबीत एक थेंबही नवा टाकलेला नव्हता, हे काकांनी स्वतः वाकून पाहिलं.