सीपॅपच्या मास्कची हवा डोळ्यात!

वैताग आलाय या मास्कचा! सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. जरा कूस बदलली की नाकाच्या बाजूने फुस्स करून हवा सुटते ती थेट डोळ्यात, सकाळी डोळे कोरडे ठाक आणि नाकाच्या हाडावर लाल वळ. विकणाऱ्याला फोन केला की दरवेळी एकच, पट्टे आवळा. अहो, सिलिकॉनची ती पातळ कड हवेने फुगली तरच चेहऱ्याला नीट बसते, करकचून आवळली की दबते, सुरकुतते आणि लीक उलट वाढतो! प्रेशर चालू ठेवून, आडवं पडूनच फिटिंग करायचं असतं, पण दुकानात खुर्चीत बसवून लावतात, झालं. साइझ सगळ्यांना मीडियम, नाक कसंही असो. चेहऱ्याच्या तेलाने कुशन सरकतं, रोज धुवा, हेही कोणी सांगत नाही. झोपेत श्वास अडकतो हो माणसाचा, जरा नीट दाखवा ना!