‘लिस्ट असताना क्यू कशाला?’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मुलाखतींच्या तयारीला लागलेल्या नाशिकच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पायथॉन येत असेल तर क्यू (आधी आलेला घटक आधी बाहेर काढणारी रांग) वेगळा शिकण्याची गरज नाही, लिस्टच्या (घटकांच्या क्रमवार यादीच्या) शेवटी अपेंड करावे (जोडावे) आणि शून्य क्रमांक देऊन पुढून पॉप करावे (काढावे), अनेक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामे) असतील तर डेक (दोन्ही टोकांनी घटक जोडता-काढता येणारी रांग) पुरेसा आहे, क्यू मॉड्यूल (थ्रेडसाठी पायथॉनमध्ये असलेली तयार रांग) उगाच संथ आहे, आणि रांगेला मर्यादा घालू नये, म्हणजे एकही विनंती वाया जात नाही. छोट्या प्रोग्रॅममध्ये ही तिन्ही विधाने खरी भासतात, म्हणूनच ती तपासायला हवीत.

पहिले विधान लिस्टचे. त्र्यंबकेश्वरच्या दर्शनरांगेत सर्वांत पुढचा भाविक आत गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे येतात. लिस्टच्या पुढून घटक काढल्यावर नेमके हेच घडते आणि उरलेल्या प्रत्येक घटकाचा पॉइंटर (घटक कोठे आहे ते सांगणारा पत्ता) मेमरीत एक घर अलीकडे आणावा लागतो. फरक इतकाच, की भाविक आपापल्या पायांनी चालतात, येथे मात्र सर्वांना उचलून पुढे ठेवण्याचे काम प्रोसेसरच्या माथी येते. एक लाख घटकांची लिस्ट अशा रीतीने रिकामी करताना सुमारे ५०० कोटी वेळा पॉइंटर हलवले जातात. प्रत्येकी ८ बाइट धरले तर ती ४० गिगाबाइटची हलवाहलव होते. शंभर घटकांच्या लिस्टमध्ये हा खर्च जाणवत नाही, हे मान्य केले पाहिजे. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेवढ्यावरच तो पडताळला असावा.

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलेल्यांना यावरचा उपाय लगेच कळेल. तेथे ट्रॅक्टर ओळीने उभे असतात आणि लिलाव पुकारणारा व व्यापारी एका ट्रॉलीकडून दुसरीकडे चालत जातात; प्रत्येक सौद्यानंतर सगळे ट्रॅक्टर पुढे घेत बसायला कोणाला सवड नसते. वर्तुळाकार बफर या रचनेतही घटक जागच्या जागी राहतात आणि आता कोणाची पाळी हे सांगणारा क्रमांक तेवढा पुढे सरकतो. शेवटचे घर ओलांडले की तो पुन्हा शून्यावर येतो. (रांग भरलेली असो वा रिकामी, दोन्ही टोकांचे क्रमांक सारखेच दिसतात, त्यामुळे घटकांची संख्या वेगळी मोजावी लागते किंवा एक घर मोकळे सोडावे लागते. मुलाखतीत विद्यार्थी अडतात ते येथेच.) जावामधील अॅरेडेक याच बांधणीचा आहे. पायथॉनचा डेक, जो २.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, ६४ घटकांचे गठ्ठे एकमेकांना दोन्ही बाजूंनी जोडून तयार होतो, त्यामुळे रांग कितीही लांब असली तरी दोन्ही टोकांचे काम सारख्याच वेळात होते. मधला घटक क्रमांकाने गाठणे मात्र त्यात लिस्टपेक्षा महाग पडते.

थ्रेडविषयीचे विधान अर्धे खरे आहे. डेकच्या टोकाला घटक जोडणे आणि तेथून काढणे थ्रेडसाठी सुरक्षित असते. पण रिकाम्या डेकमधून घटक मागितला तर वाट न पाहता एरर मिळते, तर क्यू मॉड्यूलची रांग काम येईपर्यंत थ्रेडला थांबवून ठेवते. कमाल लांबी ठरवलेला डेक भरला, की तो विरुद्ध टोकाचा घटक निमूटपणे टाकून देतो. क्यू मॉड्यूलमध्ये जाणारा जादा वेळ हे टाळण्यासाठीच खर्च होतो.

खरे नुकसान तिसऱ्या विधानाने होते. सेकंदाला ५० विनंत्या हातावेगळ्या करणाऱ्या सर्व्हरवर ६० येऊ लागल्या, तर रांग दर सेकंदाला १० ने वाढते, तासाभरात ती ३६,००० वर जाते आणि तेव्हा शेवटी उभ्या असलेल्या विनंतीला १२ मिनिटे थांबावे लागते. रांगांचा गणिती अभ्यास करणारे संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम स्थिर रांगेबाबत हाच संबंध मांडतो: रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी प्रतीक्षा. समोरच्या ॲपने ३० सेकंदांत नाद सोडला असेल, तर सर्व्हर पुढे निघून गेलेल्या ग्राहकांचीच कामे करत बसतो, आणि वाया न गेलेली म्हणून मोजलेली विनंती प्रत्यक्षात कोणाच्याच उपयोगाची उरत नाही. १,००० ची मर्यादा घातली, तर रांगेत जागा मिळालेल्याला २० सेकंदांत उत्तर मिळते आणि उरलेल्यांना नकार तत्काळ कळतो. क्यू मॉड्यूलमध्ये ही मर्यादा रांग तयार करतानाच द्यावी लागते. ती दिली नाही किंवा शून्य दिली, तर रांग अमर्याद धरली जाते.