‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आणि सैतानाचं चर्च: फॉरवर्डमधल्या दाव्यांना उत्तर

ईगल्स या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे सैतानपूजकांचं गाणं आहे, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: हे हॉटेल म्हणजे अँटन लव्हे याने काढलेल्या ‘चर्च ऑफ सेटन’ (सैतानाचं चर्च) या पंथाची इमारत. चर्चची स्थापना १९६९ची, म्हणून गाण्यात ते साल. अल्बमच्या कव्हरवर सज्जात लव्हे स्वतः उभा. शेवटाकडे येणारं न मरणारं श्वापद म्हणजे सैतान. आणि गाणं उलटं वाजवलं की त्याची स्तुती ऐकू येते.

या गाण्यात धार्मिक प्रतिमा नक्कीच आहेत. पण फॉरवर्ड त्या भलतीकडे शोधतो आणि खऱ्या प्रतिमांवरून सरळ पुढे जातो, हे जास्त खटकतं.

आधी साल. ‘चर्च ऑफ सेटन’ची स्थापना ३० एप्रिल १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाली. १९६९ साली लव्हेचं ‘द सेटनिक बायबल’ हे पुस्तक निघालं, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या दोन तारखांची सरमिसळ केली आहे. शिवाय गाण्यातला संदर्भ नीट ऐका. पाहुणा वाइन मागवतो आणि उत्तर मिळतं की ते ‘स्पिरिट’ (या इंग्रजी शब्दाचा अर्थ मद्यही आणि आत्माही) १९६९पासून इथे नाही. म्हणजे त्या साली काहीतरी संपलं, सुरू झालं नाही. काही जण इथे ‘पवित्र आत्मा निघून गेला’ असा अर्थ लावतात, पण मग चर्चच्या स्थापनेचा मुद्दा आपोआप गळून पडतो. १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकचा संगीत महोत्सव झाला, त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने खून केले आणि ६ डिसेंबरला ऑल्टमाँटच्या रॉक संगीताच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतला एक तरुण भोसकून मारला गेला. साठच्या दशकातला भाबडा विश्वास त्या वर्षी मोडला. गीताचे बहुतेक शब्द लिहिणारा डॉन हेन्ली मुलाखतींत हे गाणं निरागसतेकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास आहे असं सांगत आला आहे. त्या अर्थात हे साल चपखल बसतं.

इमारतीचा दावा तर एका पत्त्यावर उभा आहे. लव्हेचं काळ्या रंगाचं घर सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया स्ट्रीटवर होतं. ते हॉटेल नव्हतं, राहतं घर होतं, आणि २००१ साली ते पाडलं गेलं. रस्त्याच्या नावात ‘कॅलिफोर्निया’ आहे, एवढाच काय तो दुवा. मेक्सिकोत तोदोस सांतोस गावी याच नावाचं खरं हॉटेल आहे. ईगल्सने २०१७ साली त्याच्यावर नावाच्या वापरावरून दावा लावला होता. गाण्याचा उगम तिथेही नाही.

कव्हरवरचा लव्हे शोधायचा तर कव्हर कुठलं, हे आधी ठरवावं लागेल. ८ डिसेंबर १९७६ रोजी निघालेल्या मूळ रेकॉर्डचं वेष्टन पुस्तकासारखं उघडतं. दर्शनी बाजूला बेव्हर्ली हिल्स हॉटेल आहे, तिन्हीसांजेला क्रेनच्या पाळण्यातून टिपलेलं. कलादिग्दर्शन जॉन कॉश यांचं, छायाचित्र डेव्हिड अलेक्झांडर यांचं. ज्या आकृतीवरून वाद आहे ती या बाजूला नाहीच. ती आतल्या दुपानी छायाचित्रात आहे, आणि ते छायाचित्र हॉलिवूडमधल्या लिडो हॉटेलच्या लॉबीत काढलेलं आहे. वरच्या गॅलरीत एक अंधूक आकृती आहे, इतकंच त्यावरून म्हणता येतं. फोनवर येणाऱ्या प्रतीत तर तेही म्हणता येत नाही. चित्र साठवण्याची जेपेग पद्धत त्याचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून बारकावे टाकून देते, आणि फॉरवर्ड होताना हे पुन्हा पुन्हा घडतं. मग कुणीतरी चित्र मोठं करून ‘शार्प’ करतो. ॲप हरवलेले बारकावे परत आणत नाही, अंदाजाने नवे भरतं. चार काळ्या डागांतून डोळे, दाढी आणि टक्कल असं तयार होतं. पडताळायचंच असेल तर मूळ १२ इंची वेष्टनाचं थेट स्कॅन बघावं.

आता श्वापद. इथे फॉरवर्डला थोडा आधार आहे, म्हणून या मुद्द्यावर सावकाश जायला हवं. बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकाच्या १३व्या अध्यायात एक श्वापद येतं. त्याच्या एका डोक्याला प्राणघातक जखम झालेली असते, ती बरी होते (१३:३). पुढे तर ते तलवारीचा घाव लागूनही जगलं असं स्पष्ट म्हटलं आहे (१३:१४). गाण्यात मालकाच्या दालनात मेजवानीला जमलेले लोक सुऱ्या खुपसतात, पण श्वापद मरत नाही. साम्य ठळक आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन्हीकडे कोण काय करतं ते पाहा. प्रकटीकरणात लोक श्वापदाला नमन करतात, तर गाण्यात लोक त्याला मारायला धडपडतात आणि त्यांना ते जमत नाही. पूजक आपल्या दैवताला भोसकत नाहीत. त्याच कडव्यात एक बाई म्हणते की आपण सगळे आपणच रचलेल्या तुरुंगात आहोत. व्यसन, पैसा, चैन यांत अडकलेल्यांची ही कबुली आहे. आणखी एक गोष्ट: लव्हेचा पंथ सैतानाला खरीखुरी शक्ती मानत नाही. त्याच्या लेखी सैतान हे माणसाच्या स्वार्थाचं आणि वासनांचं प्रतीक आहे. कुणाच्या मारण्याने न मरणारं अजिंक्य श्वापद त्या विचारात बसतच नाही.

गाण्यात सुऱ्यांना ‘स्टीली’ (पोलादी) का म्हटलं, याचा खुलासा ईगल्सच्याच ग्लेन फ्रायने केलेला आहे. स्टीली डॅन या बँडने मे १९७६मध्ये आलेल्या ‘द रॉयल स्कॅम’ या अल्बममधल्या एका गाण्यात ईगल्सचं नाव घेतलं होतं. ही त्याची परतफेड.

उलटं वाजवण्याचा दावा घरी तपासता येतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, गाण्याचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडा, ‘इफेक्ट’ मेनूतून ‘रिव्हर्स’ करा. तो चार-पाच जणांना वेगवेगळं बसवून ऐकवा आणि काय ऐकू आलं ते कागदावर लिहून घ्या. गाणं कुठलं, दावा काय, हे आधी सांगायचं नाही. यूट्यूबवरच्या व्हिडिओंची चूक नेमकी इथे होते: आवाजाबरोबर पडद्यावर वाक्य येतं, आणि कान तेच वाक्य उचलतो. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या व्होकी आणि रीड यांनी १९८५ साली हे प्रयोगाने दाखवलं. उलटी वाक्यं ऐकून ती ख्रिस्ती, सैतानी, अश्लील, बडबडगीत की जाहिरात हे ओळखायला सांगितलं, तेव्हा श्रोत्यांची उत्तरं निव्वळ अंदाजाइतकीच बरोबर आली. काय ऐकायचं ते आधी सांगितल्यावर मात्र बहुतेकांना ते ऐकू आलं.

‘सेटन’ हाच शब्द इतक्या गाण्यांत का सापडतो, यालाही कारण आहे. ‘स’ आणि ‘न’ हे लांबणारे ध्वनी उलटे केले तरी जवळपास तसेच राहतात, आणि इंग्रजीत ते पावलोपावली येतात. ‘प’, ‘ट’, ‘क’ यांचं तसं नाही. त्यांत आधी क्षणभर शांतता, मग स्फोट, मग श्वास असतो. उलटं केलं की आवाज फुगत जाऊन एकदम तुटतो आणि ध्वनी ओळखू येत नाही. मुद्दाम उलटा संदेश घालणं सोपं आहे. ईएलओ या ब्रिटिश बँडने १९७५च्या ‘फायर ऑन हाय’मध्ये तसं उघडपणे केलं, आणि तो भाग सरळ ऐकताना निव्वळ गोंगाट वाटतो. सरळही स्वच्छ इंग्रजी आणि उलटंही स्वच्छ इंग्रजी, असं अख्खं कडवं रचून गाणं ही वेगळीच करामत झाली.

धार्मिक खुणा हव्यात तर त्या सुरुवातीला आहेत. दारात उभी बाई, मिशनची (ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या ठाण्याची) घंटा, हे स्वर्ग की नरक असा निवेदकाच्या मनातला प्रश्न, मग मेणबत्ती आणि वाट दाखवणं. मिशनची घंटा ही खास कॅलिफोर्नियाची खूण आहे. स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १७६९ ते १८२३ या काळात सान दिएगोपासून सोनोमापर्यंत २१ मिशनं उभारली, आणि थकलेल्या प्रवाशाला तिथे आसरा मिळे. गाण्यातला प्रवासीही थकून, डोळे जड झाल्यावर थांबतो, पण आसरा वाटलेली जागा सापळा निघते. ही मोहाची नीतिकथा आहे, ख्रिस्ती परंपरेत फार जुनी.

हा प्रवासी सैतानाच्या पंथात दाखल होतो, असं मात्र गाण्यात कुठेही नाही. श्वापदाच्या प्रसंगानंतर तो घाबरून दाराकडे धावतो, परतीची वाट शोधतो, आणि रात्रपाळीचा माणूस त्याला सांगतो की इथून कायमचं निघता येत नाही. शब्द सुमारे सव्वाचार मिनिटांनी संपतात. पुढची दोन मिनिटं डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी वाजतात. तो सुटला की अडकला, हे गीतकाराने सांगितलेलंच नाही.