जगभर प्रक्षेपण, पण पैसा इथलाच

आयपीएलच्या जागतिक विस्ताराचे श्रेय परदेशी खेळाडूंच्या आकर्षणाला देणारे आपले विवेचन वाचनीय असले, तरी प्रक्षेपण हक्कांचे आकडे निराळे चित्र दाखवतात. 2022 साली पुढील पाच हंगामांचे हक्क एकूण 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. त्यात भारताबाहेरच्या हक्कांचा वाटा जेमतेम 1,058 कोटींचा, म्हणजे शेकडा दोनच्या आसपास होता. सामना जगभर दिसतो हे खरे, परंतु त्याचा खर्च मुख्यत्वे भारतीय प्रेक्षक आणि त्याच्यामागे धावणारे जाहिरातदार उचलतात. आपल्याकडे साडेसातला सुरू होणारा सामना लंडनमध्ये दुपारी तीनला, तर सिडनीत मध्यरात्री सुरू होतो, यावरूनही वेळापत्रक कोणाच्या सोयीने आखले जाते ते उघड आहे.

2023 मध्ये मोबाइलवर सामने विनामूल्य आणि मराठी समालोचनासह उपलब्ध झाले, ही घटना मला परदेशी प्रक्षेपणाहून मोठी वाटते. आमच्या सदाशिव पेठेतील अमृततुल्यात गल्ल्याशेजारी बिस्किटांच्या बरणीला मोबाइल टेकवलेला असे आणि गिऱ्हाईक चहा संपला तरी षटक संपेपर्यंत हलत नसे. (मालकांची त्यावर तक्रार असली, तरी मोबाइल त्यांचाच होता.)

पुण्यापुरते बोलायचे, तर दोन संघ आले आणि गेले. दुसरा 2017 च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. प्रेक्षक असूनही संघ का टिकला नाही, याचाही विचार आपल्या विवेचनात हवा होता.